वाचक विचारतात : सिलिंडरच्या जागी पाइपचा गॅस

रेशनचं निळं रॉकेल गेलं, सिलिंडरची सबसिडी बहुतेकांच्या खात्यात यायची थांबली आणि गावोगावी रस्ते खोदून नळ्या पडू लागल्या. त्यामुळे पाइप गॅसबद्दलची पत्रं वाढली आहेत. सारखेच प्रश्न एकत्र करून त्यांतली काही इथे घेतली आहेत.

गिरगावच्या चाळीत पाइप गॅसचं काम चालू आहे. हा आपल्याच समुद्रातला गॅस आहे म्हणतात. मग बॉम्बे हाय सापडून पन्नास वर्षं झाली, आमच्या घरी यायला एवढा वेळ का? आणि आपलाच असेल तर त्यावर सबसिडी का नाही?

सागर सम्राट या जहाजावरून मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर १९७४ साली तेल लागलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. शोध तेलाचा होता, गॅस तेलाबरोबर आला. तेल जहाजात भरून आणता येतं, गॅस नळीशिवाय हलत नाही. नळी पडेपर्यंत तो समुद्रातच जाळून टाकावा लागत होता. १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालची वाहिनी आली. पुढच्या काही वर्षांत हा गॅस उरणच्या वीजकेंद्राला आणि ट्रॉम्बे व थळच्या खत कारखान्यांना मिळाला. घरं मागे राहिली, आणि त्यामागचं गणित साधं आहे.

चारपाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण १५ घनमीटर गॅस लागतो, म्हणजे दिवसाला अर्धा घनमीटर. रोजच्या १० लाख घनमीटरमध्ये २० लाख स्वयंपाकघरं चालतील. तेवढाच गॅस विजेला दिला तर दोनशे-सव्वादोनशे मेगावॉट मिळतात, आणि त्यासाठी एका कारखान्याच्या दारापर्यंत एकच नळी पुरते. वीस लाख घरांसाठी मात्र वीस लाख मीटर, तेवढेच व्हॉल्व्ह, प्रत्येक गल्लीत खोदकाम आणि प्रत्येक सोसायटीची परवानगी. मुंबईत या कामासाठी महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली.

तुमच्या सध्याच्या सिलिंडरातही बॉम्बे हाय असू शकतो. समुद्रातून येणाऱ्या गॅसमध्ये मिथेनबरोबर प्रोपेन आणि ब्युटेन असतात. उरणच्या प्रकल्पात ते वेगळे काढतात, आणि एलपीजी म्हणजे तेच. उरलेला बहुतांश मिथेन नळीतून येतो. घर तेच, समुद्र तोच, फक्त रेणू वेगळा.

सबसिडीचं म्हणाल तर ती आहे, पण खात्यात दिसत नाही. जुन्या देशी विहिरींचा गॅस सरकारने ठरवलेल्या भावाने विकला जातो आणि घरगुती नळ व सीएनजी यांना तो आधी देण्याचं धोरण आहे. एप्रिल २०२३ पासून हा भाव भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के धरतात. त्याला दर दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटला ४ डॉलरचा तळ आणि ६.५ डॉलरचं छत होतं. छत दोन वर्षं तेवढंच ठेवून नंतर दरवर्षी पाव डॉलरने वाढवायचं ठरलं. आयात केलेला द्रवरूप गॅस बहुतेक वेळा याहून बराच महाग पडतो. या दोन भावांमधला फरक हीच नळाच्या गॅसची सवलत. सिलिंडरच्या सबसिडीत सरकार तिजोरीतून पैसे देतं. इथे तेल कंपनी कमी भाव घेते, आणि तीही सरकारीच आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. ही सवलत सार्वजनिक गॅसवरची आहे, म्हणून ती उंच इमारतींआधी चाळींत आणि पुनर्वसनाच्या इमारतींत पोचायला हवी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं, कारण एका टॉवरच्या एका रायझरवर, म्हणजे भिंतीवरून वर चढणाऱ्या एका नळीवर, शंभर गिऱ्हाइकं मिळतात.

डोंबिवलीहून : एक सिलिंडर म्हणजे किती युनिट पाइप गॅस? खरंच स्वस्त पडतो का?

घरगुती सिलिंडरात १४.२ किलो एलपीजी असतो. किलोला १०,८०० किलोकॅलरी धरल्या तर एकूण दीड लाखाच्या थोड्या वर होतात. पाइप गॅसच्या एका घनमीटरला साडेआठ हजार धरा. म्हणजे एक सिलिंडर बरोबर १८ घनमीटर. बिलावर एससीएम असं छापतात, तो हाच घनमीटर.

सिलिंडरची घरपोच किंमत भागिले १८ करा. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडतो, तर ९०० भागिले १८ म्हणजे ५० रुपये. बिलावरचा दर करासकट ५० च्या खाली असेल तर पाइप स्वस्त. (नैसर्गिक वायू जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि महाराष्ट्राने तो एप्रिल २०२२ पासून साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला.)

उज्ज्वला योजनेतल्या घराचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांना ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये परत मिळतात. २०२५-२६ साठी वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत. ९०० चा सिलिंडर त्यांना ६०० ला पडतो आणि ६०० भागिले १८ म्हणजे ३३ रुपये. पाइपचा दर ४५ असेल तर अशा घराला बदलाने तोटाच होईल. जोडणी घ्या म्हणून सांगायला येणाऱ्या माणसाने हे सांगितलं नसेल, तर तुम्ही विचारा.

खरा वापर मोजायची सोपी रीत अशी. कॅलेंडरवर गेल्या चारपाच सिलिंडरच्या तारखा पाहा. टाकी सरासरी ४० दिवस जात असेल तर रोजचे ०.४५ घनमीटर, म्हणजे दोन महिन्यांच्या बिलात २७ च्या आसपास युनिट यायला हवीत. ३५-४० येत असतील तर दोनच शक्यता : शेगडी बरोबर नाही किंवा कुठेतरी गळती आहे. शेगडीचं पुढच्या उत्तरात पाहू. गळती पाहायची असेल तर रात्री सगळ्या बर्नरच्या कळी बंद करा, भिंतीवरचा व्हॉल्व्ह मात्र चालू ठेवा आणि मीटरचे सगळे आकडे, लाल चौकटीतले दशांशाचेसुद्धा, कागदावर लिहून ठेवा. शेवटचा लाल आकडा एका लिटरचा असतो. सकाळी चहा ठेवायच्या आधी पुन्हा पाहा. तो हलला असेल तर गॅस कुठेतरी जातो आहे.

ठाण्याहून : पाइप गॅस आल्यापासून ज्योत मंद वाटते. पोळ्या वातड होतात, कुकरला वेळ लागतो. शेजारी म्हणतात, मेकॅनिककडून नोझलचं भोक मोठं करून घ्या. करावं का?

भोक मोठं करून घेऊ नका. का, ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यांत जास्त तक्रारी याच जागी जन्मतात.

सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलिबार दाबाने शेगडीत येतो, पाइपचा २१ मिलिबारने. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनमध्ये उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योतीत निम्मीच ताकद उरते. जोडणीच्या वेळी कंपनीचा माणूस जेट बदलतो, ते यासाठी. जेट म्हणजे बर्नरच्या नळीच्या तोंडाशी बसणारा पितळी खिळ्यासारखा तुकडा, मधोमध केसाएवढं भोक असलेला. दोन्ही फरक मिळून पाइपच्या जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट लागतं, म्हणजे व्यास साधारण १.४ पट. लहान बर्नरचं एलपीजीचं भोक ०.७ मिलिमीटर असेल तर पाइपचं १ मिलिमीटरच्या आसपास. हा फरक डोळ्याला जेमतेम दिसतो. मेकॅनिक हातातल्या ड्रिलने ‘थोडं वाढवतो’, तेव्हा ०.१ मिलिमीटरची चूकसुद्धा गॅस २० टक्क्यांनी वाढवते. हवा ओढायची नळी तेवढीच राहते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याचे बूड काळे पडतात आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो.

म्हणून आधी घरीच तपासा. शेगडी पूर्ण गार होऊ द्या. बर्नरची टोपी उचलून फटी पाहा. उतू गेलेलं दूध आणि डाळीचं पाणी वाळून त्या बुजतात, आणि निम्म्या तक्रारी तेवढ्यावर मिटतात. टोपी कोमट साबणाच्या पाण्यात घासा, पूर्ण सुकवा आणि खाचेत नीट बसवा. तिरकी बसली की एका बाजूची ज्योत उंच उडते. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक लंबगोल होतं आणि मग ते कधीच नीट जळत नाही.

आता एक बर्नर मोठा करून पेटवा आणि दुसराही मोठा करा. दुसरा पेटताना पहिल्याची ज्योत स्पष्ट खाली आली, तर दोष शेगडीत नाही. नळी कुठे तरी दुमडली असेल, मीटरजवळचा रेग्युलेटर बिघडला असेल किंवा त्याच्या आधीची जाळी बुजली असेल. हे काम कंपनीचं. दोन्ही बर्नर सारखेच मंद असतील तर जेटवर संशय घ्या. बरेचदा एकच जेट बदललेला असतो आणि दुसरा सिलिंडरचाच राहून गेलेला असतो.

सिमची तक्रारही वारंवार येते : बारीक केलं की ज्योत विझते. सिमची ज्योत जेटवर ठरत नाही. ती कळीखालच्या कॉकमधल्या वेगळ्या छोट्या भोकातून येते, आणि जेट बदलताना ते भोक बहुतेक कोणी पाहत नाही. दूध सिमवर ठेवून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या घरात ही गोष्ट जिवावर बेतू शकते, कारण विझलेल्या बर्नरमधून गॅस येतच राहतो. ज्योत विझली की गॅस आपोआप थांबवणारी कळ असलेली शेगडी मिळते. वृद्ध माणसं एकटी राहतात तिथे तीच घ्यावी.

आणि शेवटचा उपाय, जो बरेच जण टाळतात. पाइप गॅससाठीच बनवलेली नवी शेगडी घ्या. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने पीसीआरए या इंधन बचतीसाठीच्या सरकारी संस्थेसाठी अशी शेगडी विकसित केली. जेट बदललेली सिलिंडरची शेगडी सुमारे ४० टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोचवते, ही ५५ टक्के. जेट बदलला तरी बर्नरच्या फटी आणि भांड्याचं ज्योतीपासूनचं अंतर सिलिंडरच्याच हिशेबाचं राहतं, त्याचा हा फटका. म्हणजे तेवढाच स्वयंपाक साधारण पाऊण गॅसमध्ये होतो. आधी सांगितलेला १८ चा आकडाही दोन्ही शेगड्या सारख्याच चांगल्या असतील तरच लागू पडतो.

एक इशारा. पाइपची शेगडी गावी नेऊन सिलिंडरला जोडू नका. जेटचं भोक मोठं असतं आणि एलपीजी त्यातून भसाभसा येतो. ज्योत हातभर उडते, धुराने पडदे काळे होतात. गीझरच्या बाबतीत तर जेटवर भागत नाही. त्यात पूर्ण बर्नरसंच वेगळा असतो. पाइपसाठी बनवलेला गीझरच घ्या आणि तो बंद न्हाणीघरात लावू नका.

वसईहून : आमची सोसायटी जुनी आहे. रायझर बसवायच्या आधी आणि नंतर कशाकडे लक्ष द्यावं?

रस्त्याखालून इमारतीपर्यंत येणारी प्लॅस्टिकची नळी पिवळी किंवा नारिंगी असते. तिच्यात साधारण ४ बारचा दाब असतो. इमारतीशी आलेला सर्व्हिस रेग्युलेटर तो १०० मिलिबारच्या आसपास आणतो आणि तुमच्या मीटरजवळचा दुसरा २१ वर. भिंतीवर चढणारी पिवळी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) नळी म्हणजे रायझर. तिथून घरात तांब्याची बारीक नळी, मग शेगडीजवळचा व्हॉल्व्ह आणि शेवटी रबरी नळी.

समुद्रकाठच्या हवेत जीआयचा शत्रू गंज, आणि तो सर्वांआधी क्लॅम्पच्या मागे लागतो, जिथे पावसाचं पाणी अडून राहतं आणि रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक क्लॅम्पशी रंग फुगला आहे का ते पाहा. रंगकाम काढलं की दोन गोष्टी रंगाऱ्याला आधीच बजावा : रायझरला परांचीचा दोर बांधायचा नाही आणि रेग्युलेटरच्या बाजूचं श्वासछिद्र रंगाने बुजवायचं नाही. ते छिद्र बुजलं की आतला पडदा मोकळा हलत नाही आणि दाब कमीजास्त होतो. कुंभारीण माशीही त्याच छिद्रात मातीचं घर करते. छिद्रावरची जाळी शाबूत ठेवा.

कधीकधी अख्ख्या विंगचा गॅस एकदम जातो. सर्व्हिस रेग्युलेटरमध्ये दाब फार पडला की पुरवठा तोडणारी कळ असते. दाब परतला तरी ती आपोआप उघडत नाही, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. मधल्या वेळात कुणाची ज्योत विझलेली आणि कळ उघडी राहिली असेल तर गॅस परतल्यावर घरभर पसरेल. म्हणून वॉचमनने किंवा प्लंबरने ती ‘उचलू’ नये. कंपनीचा माणूस आधी प्रत्येक घर बंद असल्याची खात्री करतो, मगच सुरू करतो.

घरात सगळ्यांत जास्त गडबड मॉड्युलर किचनमुळे होते. सुतार तांब्याची नळी टाइलमागे गाडतो आणि व्हॉल्व्ह ट्रॉलीच्या मागे दडवतो. हाताशी नसलेला व्हॉल्व्ह आणीबाणीत नसल्यासारखाच. मीटर कपाटात बंद करू नका. त्याहून मोठी चूक म्हणजे बाल्कनी बंद करून स्वयंपाकघराची एकमेव खिडकी काचेने सील करणं. एलपीजी हवेहून जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. मिथेन हलका, तो छताकडे जातो. सिलिंडरच्या काळात दाराखालची फट कामाची होती. आता छताजवळ कायम उघडी जाळी हवी. बाल्कनी बंदच करायची असेल तर वरचा वीतभर पट्टा झडपांचा ठेवा.

रबरी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदला, चांगली दिसत असली तरी. आयएस ९५७३ हा शिक्का पाहूनच घ्या. सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी लावून कधीही तपासू नका. वास आला तर शेगडीजवळचा आणि मीटरचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा. दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दारावरची घंटाही वाजवू नका. बाहेर पडून मगच फोन करा.

जाता जाता, वसईचं नाव असलेलं गॅसक्षेत्र समुद्रात आहे. १९७६ मध्ये सापडलेल्या त्या क्षेत्राच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असल्याने तो शुद्ध करायला गुजरातेत हजिऱ्याला जातो, आणि तिथूनच उत्तरेकडची मोठी वाहिनी सुरू होते.

बडोद्याहून : आमच्याकडे पाइप गॅस फार जुना आहे. मुंबईच्या आधीचा का?

हो, वीस वर्षांहून जास्त आधीचा. बडोद्याच्या महापालिकेने १९७२ पासून आसपासच्या क्षेत्रांतला गॅस घरांत दिला. मराठी वस्ती जुनी असलेल्या त्या शहरात कित्येक घरांनी सिलिंडर फारसा पाहिलाच नाही. आसामात त्याआधी, १९६२ मध्ये, आसाम गॅस कंपनी निघाली. चहामळ्यांच्या भट्ट्या आणि दुलियाजानच्या बाजूची घरं तिथल्याच विहिरींवर चालली. विहीर जवळ आणि नळी आखूड असेल तर हे काम किती लवकर होतं, ते यावरून दिसतं. (मुंबईतही नळाचा गॅस होता, पण दगडी कोळशापासून केलेला. १८६५ मध्ये त्यावर रस्त्यांवरचे दिवे लागले. लालबागची गॅस कंपनी लेन त्याची खूण.)

पण जवळचा आणि स्वस्त गॅस कसा वाया जातो, हे बांगलादेशात पाहावं. तितास क्षेत्र १९६२ मध्ये सापडलं आणि पुढे ढाक्यात घरोघरी गॅस गेला, मीटरशिवाय. दोन बर्नरचं ठरलेलं मासिक शुल्क. मग काडी वाचवायला बर्नर दिवसभर पेटता ठेवण्याची आणि पावसात त्यावर कपडे वाळवण्याची सवय लागली. २००९-१० च्या सुमारास नव्या घरगुती जोडण्या थांबवाव्या लागल्या आणि दाब इतका पडू लागला की लोक पहाटे उठून स्वयंपाक उरकू लागले. आता तिथे प्रीपेड मीटर बसवत आहेत. आपल्याकडे पहिल्या दिवसापासून मीटर आहे. दोन महिन्यांचं बिल अंदाजाने आलं तर वाचनाचा फोटो पाठवून दुरुस्त करून घ्या.

लातूर जिल्ह्यातून : आमच्या गावात पाइप येईल असं दिसत नाही. नैसर्गिक गॅस सिलिंडरमध्ये भरून का देत नाहीत?

प्रोपेन-ब्युटेन थोड्या दाबाने द्रव होतात, म्हणून ३३ लिटरच्या टाकीत १४ किलो मावतात. मिथेन उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्याला गाड्यांसारखा २०० बार दाब द्यावा लागतो. तेवढ्याच आकारमानाच्या टाकीत तेव्हा साधारण ८ घनमीटर मावतील, म्हणजे सिलिंडरच्या निम्म्याहून कमी. जाड पोलादाची टाकी मात्र रिकाम्या सिलिंडरहून बरीच जड असेल. स्वयंपाकघरात २०० बारची टाकी ठेवणं शहाणपणाचंही नाही.

तुमच्या गोठ्यात चारपाच जनावरं असतील तर तुमचा स्थानिक गॅस तिथेच आहे. दिवसाला २ घनमीटर बायोगॅस देणाऱ्या दीनबंधू संयंत्राला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. बायोगॅसचा एक घनमीटर म्हणजे ०.४३ किलो एलपीजी. महिन्याचा हिशेब २५ किलोंच्या वर, म्हणजे पावणेदोन सिलिंडर जातो. हिवाळ्यात गॅस निम्म्यावर येऊ शकतो, कारण जंतूंना ऊब लागते. संयंत्र उन्हात बांधा, झाडाखाली नको. नळीला शेगडीकडून संयंत्राकडे उतार द्या आणि सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवा. ज्योत फडफडायला लागली की नळीत पाणी साचलंय असं समजा. बायोगॅसची शेगडीही वेगळी असते, सिलिंडरची चालणार नाही.

नवी मुंबईहून : बॉम्बे हायचा गॅस संपला की आमच्या नळ्यांचं काय?

नळ्या आणि शेगडी तीच राहील, भाव बदलेल. जुन्या विहिरींचा गॅस घटतो आहे. जुन्याच क्षेत्रांत नव्या विहिरी खोदून निघालेल्या गॅसला तेलाच्या किमतीच्या १० ऐवजी १२ टक्के भाव मिळतो. त्यानेही भागत नाही तेव्हा परदेशातून द्रवरूप आणलेला गॅस मिसळतात. २०२५-२६ पासून शहर गॅस कंपन्यांना शेण, कचरा यांपासून केलेला बायोगॅस १ टक्का मिसळणं सक्तीचं झालं असून २०२८-२९ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर नेण्याचं ठरलं आहे. शुद्ध केल्यावर तोही मिथेनच, त्यामुळे जेट बदलावा लागत नाही. महाग पर्यायांचं प्रमाण वाढेल तसं बिलही वाढेल.

कल्याणहून : पाइप गॅस सुरू झाला. सिलिंडरचं काय करायचं?

आधी पाइपची शेगडी आठवडाभर नीट चालू द्या. मग गॅस एजन्सीत भरलेला किंवा रिकामा सिलिंडर, रेग्युलेटर, ग्राहक पुस्तिका आणि जोडणी घेतानाचं सबस्क्रिप्शन व्हाउचर घेऊन जा. एजन्सी टर्मिनेशन व्हाउचर देते. त्यावर लिहिलेली अनामत तुमच्या जुन्या व्हाउचरवरच्या रकमेएवढी असते, आजच्या दराने नाही. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरची जोडणी असेल तर आधी नाव बदलून घ्यावं लागेल. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र लागतं. टर्मिनेशन व्हाउचर जपून ठेवा. पुढे पाइप नसलेल्या गावी राहायला गेलात तर त्याच्या आधारे पुन्हा सिलिंडर मिळतो. रबरी नळी आणि जुने जेट परत द्यायचे नसतात. जेट एका पाकिटात घालून वर ‘सिलिंडर’ असं लिहून ठेवा, शेगडी गावी नेण्याची वेळ आलीच तर ते लागतील.